कुलूप कुणापासून

रुग्णालयातले लोक तिला फोटोवाली म्हणायचे आणि तिला त्याचा कधी राग आला नाही. पेशंट तर तोंडाला येईल ते म्हणत. कुणी डॉक्टर, कुणी सिस्टर. एक म्हातारे गृहस्थ तिला चक्क ‘विजेच्या बाई’ म्हणत. तळमजल्यावरच्या एक्स-रे खोलीत, जाड काचेच्या मागे उभं राहून, “श्वास रोखा” आणि “सोडा” एवढ्या दोनच शब्दांवर तिने आयुष्याची कितीतरी वर्षं काढली होती. शहरातली निम्मी माणसं मी आतून ओळखते, बाहेरून ओळखत नाही, असं ती चेष्टेने म्हणायची.

राहायला ती एकटीच होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मागे गॅलरी, समोरच्या दारात एक निवृत्त शिक्षिका. घटस्फोट झाल्यावर ती या घरात आली, आणि तिच्या मागोमाग तिचा नवराही जिन्यापर्यंत आला. म्हणजे राहायला नाही. यायचा, दार बडवायचा, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा शिव्या द्यायचा आणि जायचा. पोलिसांत गेली तेव्हा तिथल्या माणसाने “नवराबायकोचं भांडण आहे, निवळेल,” असं सांगून चहा विचारला. मग एका संध्याकाळी नवऱ्याने लाथ घालून दाराची कडीच उखडली. शिक्षिकाबाई बाहेर येऊन ओरडल्या म्हणून तो पळाला.

त्या दिवसापासून तिने घराचा किल्ला केला. नवीन भक्कम दार, आतून लोखंडी आडणा, बाहेरचं बघायला भिंग, जाड साखळी, गॅलरीला जाळी. तरी झोप लागेना. जिन्यात कुणाचंही पाऊल वाजलं की हातातलं काम टाकून ती भिंगाला डोळा लावायची.

पिस्तुलाची कल्पना तिच्या धाकट्या भावाची. तो दोन गल्ल्या पलीकडे बायकोबरोबर राहायचा. लहानपणी काडीपैलवान होता म्हणून त्याला घरात बारक्या म्हणत. पुढे तो असा काही सुटला की दारातून आत येताना तिरका व्हायचा, पण नाव काही सुटलं नाही. शीतगृहात तो फोर्कलिफ्ट चालवायचा. मोठमोठ्या खोक्यांच्या थप्प्या उचलून छतापर्यंत चढवायच्या, बर्फासारख्या थंडीत, दिवसभर.

“ताई, दार तोडायला कितीसा वेळ लागतो?” तो म्हणाला होता. “पोलीस येईपर्यंत तुझ्या हातात काहीतरी पाहिजे की नको?”

परवान्यासाठी तिच्याबरोबर खेटे त्यानेच घातले. सरावाच्या मैदानावर तिने पहिली गोळी डोळे मिटून झाडली, तेव्हा बारक्या हसून हसून खाली बसला. “लक्ष्याला नाही, आभाळाला लागली बघ!” तीही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती.

ज्या दुकानातून पिस्तूल घेतलं तिथल्या दुकानदाराने तिला एक छोटी पोलादी तिजोरी दाखवली. भिंतीला आतून बोल्टने आवळायची. पिस्तूल तिच्यात, गोळ्या वेगळ्या कुलुपात, दोन्ही किल्ल्या स्वतःपाशी. परवान्याची अटच तशी होती. तिने घरमालकाला विचारलं. तो म्हणाला, “भिंतीला भोक पाडायचं नाही. कॅलेंडरसुद्धा चिकटवून लावायचं.” मग तिजोरी राहून गेली. पुढच्या वेळी दुकानदाराने पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा हा माणूस आपला माल खपवायला बघतोय असं तिला वाटलं.

“अहो, घरात मी एकटी,” ती म्हणाली. “पोर नाही, बाळ नाही. कुलूप लावायचं ते कुणापासून?”

पिस्तूल कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या शालींच्या खाली गेलं. ज्या डब्यातून आणलं त्याच डब्यात. गोळ्याही त्यातच. अडीअडचणीला दोन ठिकाणी शोधत बसायला नको, हा तिचा हिशेब.

वर्षभरात नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि तो शहर सोडून गेला. भीती हळूहळू ओसरली, आणि पिस्तूल घरात आहे हे ती विसरूनच गेली. शाली काढायची वेळ आली तरी ती वरच्यावर हात घालून हवी ती ओढून घ्यायची.

मधे एकदा ती न्हाणीत पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. ओरडून ओरडून घसा बसला तेव्हा शिक्षिकाबाईंना ऐकू गेलं. पण त्या किल्ल्याच्या आत येणार कशा? शेवटी बारक्याने शिडी लावून मागच्या गॅलरीची जाळी कापली. आत आल्यावर तो आधी तिला बोलला आणि मग रडला. “एकटी राहतेस ना? मग एक किल्ली माझ्याकडे दे. आत्ताच्या आत्ता दे.” तिने दिली. शहाणपणाचीच गोष्ट होती ती. एकट्या राहणाऱ्या कुठल्याही बाईला कुणीही तोच सल्ला दिला असता.

किल्ली मिळाल्यावर बारक्या हक्काने यायचा. ती कामावर असताना येऊन नळाचा वायसर बदलून जायचा, दिवा लावून द्यायचा, फ्रिजमधलं निम्मं संपवून चिठ्ठीऐवजी रिकामं भांडं ठेवून जायचा. घरी आल्यावर घासायला पडलेलं भांडं दिसलं की तिला बरं वाटायचं.

तो चिडका होता, पण त्याचा राग म्हणजे उतू गेलेलं दूध. गॅस बंद केला की खाली. निदान तिची तशी समजूत होती. त्या वर्षी मात्र शीतगृहात नवा सुपरवायझर आला. बारक्याच्या हातून एक थप्पी कोसळली. कुणाला लागलं नाही, पण माल फुटला. सुपरवायझरने त्याला गाडीवरून उतरवला आणि फरशीवरचा बर्फ खरवडायच्या कामाला लावला. जी गाडी बारक्या डोळे मिटून चालवायचा ती कालचं आलेलं पोरगं चालवू लागलं, आणि बारक्या खाली वाकून खोऱ्याने बर्फ ओढू लागला.

एका सुट्टीच्या दिवशी तो जेवायला आला तेव्हा घासागणिक तेच बोलत होता.

“सगळ्यांसमोर म्हणतो, उचला हो जरा जपून, आपला हत्ती घसरेल. आणि सगळे हसतात, ताई. ज्यांना मी काम शिकवलं ते हसतात.”

“हसू दे. दात आहेत त्यांचे.”

“तुला काय जातंय म्हणायला!”

“अरे, डोक्यात राख घालून घेऊ नकोस. दुसरीकडे बघ काम. गाडी चालवणारी माणसं कुठेही लागतात.”

“का म्हणून बघू? मी काय चोरी केलीय?”

ती ताटं उचलायला लागली. बारक्या बराच वेळ तसाच बसून राहिला, उष्ट्या हाताने. जाताना म्हणाला, “एकदा त्याची पाचावर धारण बसलेली बघायचीय मला. एकदाच. मग सोडली नोकरी.” तिने ऐकलं. असलं बोलणं माणसं रोजच बोलतात.

त्यानंतर चार-पाच दिवस गेले असतील. दुपारची वेळ होती. अपघात विभागातून स्ट्रेचर धडधडत आलं. बरोबर एक तरुण डॉक्टरीण, हातमोज्यांवर रक्त.

“पोट आणि कंबर, समोरून आणि बाजूने. पटकन. थिएटर तयार होतंय.”

माणूस पन्नाशीचा, सडपातळ, चेहरा कागदासारखा. अंगातलं जाड निळं जॅकेट कात्रीने उभं कापलेलं होतं. खिशावर पांढऱ्या दोऱ्याने बर्फाच्या तुकड्याचं चित्र शिवलेलं. तसलंच जॅकेट तिने कित्येक वेळा आपल्या घरी खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं बघितलं होतं.

तिचे हात सवयीने चालत राहिले. दोघींनी मिळून त्याला टेबलावर घेतलं. तिने प्लेट खाली सरकवली, नळी खाली ओढली, उजेडाचा चौकोन त्याच्या पोटावर जुळवला.

“मॅडम, पाय जाणवत नाहीयेत मला,” तो म्हणाला. भेदरलेली माणसं बोलतात तसं भराभरा. “म्हणजे आहेत ना ते?”

“आहेत. हलू नका. कुठे काम करता?”

“शीतगृहात. सुपरवायझर. आमच्याच माणसाने मारली हो गोळी. तो फोर्कलिफ्टवाला. मी हसलो ना! मला वाटलं, खेळण्यातलं आणलंय. तो म्हणाला हात वर कर, आणि मी हसलो. त्याला बहुतेक मारायची नव्हती. त्याचाच हात थरथरत होता.”

तिने टेबलाची कड धरली.

“माझ्या बायकोला फोन गेला का?”

“गेला असेल.”

“तिला म्हणावं, स्कूटर घेऊन निघू नको. घाबरली की तिला ब्रेक सापडत नाही.”

“सांगतील ते. आता बोलू नका.” ती काचेमागे गेली. “श्वास रोखा.”

पडद्यावर चित्र उमटलं. कंबरेची हाडं, मणक्यांची माळ, आणि मणक्याला चिकटून एक छोटासा ठिपका. इतका पांढरा की हाडं त्याच्यापुढे मळकी दिसत होती.

“सोडा.”

“काय दिसतंय, मॅडम?”

“डॉक्टर सांगतील,” ती म्हणाली. आजवर प्रत्येकाला ती हेच सांगत आली होती. मग तिने बाजूचा फोटोही काढला, नीट काढला, पुन्हा काढावा लागू नये असा.

स्ट्रेचर गेल्यावर तिने बारक्याला फोन लावला. बंद. भावजयीला लावला.

“सकाळी कामावर गेले की नेहमीसारखे,” भावजय म्हणाली. “का हो ताई? आवाज असा का येतोय?”

“काही नाही. नंतर बोलते.”

पोटात कळ येतेय असं सहकाऱ्याला सांगून ती निघाली. मिळेल ती गाडी केली. वाटेत तिने स्वतःला शंभरदा बजावलं की पिस्तुलं जगात काय एकच आहे का. खण उघडू, शालींखाली डबा असेल, डब्यात ते असेल. जिना ती धावत चढली.

किल्ली फिरली. दार वीतभर उघडलं आणि खाडकन अडलं. आतून साखळी लावलेली होती.

“बारक्या.”

तिने फटीला गाल लावला. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी, कपाटाला टेकून, निळ्या जॅकेटातली एक पाठ दिसत होती. समोर शाली पसरल्या होत्या.

“बारक्या, मी आहे.”

“तुझी ड्युटी आहे ना?” आतून आवाज आला. “तू आत्ता का आलीस?”

“साखळी काढ.”

“नाही.”

“ते तुझ्याकडे आहे?”

“परत ठेवायला आलो होतो,” तो म्हणाला. “तुला कळलंही नसतं. तसंच डब्यात ठेवून जाणार होतो. पण आता कुठे ठेवू, ताई?” आणि मग, अगदी हळू, “मी माणूस मारला.”

“नाही मारलास. जिवंत आहे तो.”

“खोटं बोलू नकोस.”

“माझ्या टेबलावर होता. मी फोटो काढला त्याचा. बोलत होता माझ्याशी.”

“तू मला फसवतेयस. दार उघडावं म्हणून.”

“तो म्हणाला, मी हसलो. मला वाटलं खेळण्यातलं आहे.”

पाठ हलली. बारक्याने मान वळवली तेव्हा तिला त्याचा अर्धा चेहरा दिसला, आणि तो चेहरा बघून तिला कळलं की हा इथे निव्वळ डबा जागेवर ठेवायला आलेला नाही. आला असेल तरी आता तेवढ्यावर थांबणार नाही.

समोरचं दार किलकिलं झालं. शिक्षिकाबाई चष्मा सावरत बघत होत्या. तिने खुणेने फोन कानाला लावून दाखवला, मग ओठांनी ‘पोलीस’ म्हटलं, आणि हाताने आत जायला सांगितलं. बाई समजल्या. दार लागलं, कडी वाजली.

“हसला ग तो,” बारक्या आतून म्हणाला. “मला फक्त त्याला घाबरलेला बघायचा होता. त्याने हात वर केले असते तर मी तिथेच टाकून दिलं असतं. पण तो हसला, आणि मागचे सगळे हसले. मग काय झालं मला कळलंच नाही. आवाजच एवढा मोठा झाला.”

“त्यालाही तेच वाटतंय. तुझा हात थरथरत होता म्हणाला. तुला मारायची नव्हती म्हणाला.”

“असं म्हणाला?”

“आईची शपथ.”

तो रडायला लागला. लहानपणी रडायचा तसाच, आधी आवाज नाही, मग एकदम हंबरडा.

“वाचेल का?” त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला किती जणांनी विचारला असेल, आणि तिने एकदाही उत्तर दिलं नव्हतं. ते तिचं कामच नव्हतं. पडद्यावर गोळी कुठे होती, पोटात काय साचलं होतं, डॉक्टरीण ते बघून कशी गप्प झाली, हे सगळं तिला दिसलं होतं.

“वाचेल,” ती म्हणाली.

“नक्की?”

“नक्की. ऐक आता माझं. पोलीस येतायत. ते यायच्या आत तू बाहेर यायचंस, रिकाम्या हाताने. गोळ्या काढून शालीत गुंडाळ. पिस्तूल न्हाणीत ठेव आणि दाराला बाहेरून कडी घाल. मला कडीचा आवाज ऐकू आला पाहिजे. मग साखळी काढ.”

तिने जिन्याच्या कठड्याला धरून ठेवलं होतं. ‘देवा’ म्हणायचंही तिला सुचलं नाही. मग आत काहीतरी खुडबुड झाली, फरशीवर पाय घासले, न्हाणीचं दार कुरकुरलं, कडी वाजली.

साखळी निघाली. बारक्या तिरका होऊन बाहेर आला आणि सगळं वजन तिच्या अंगावर टाकून उभा राहिला. तिला ते पेलवेना. दोघं तशीच घसरत जिन्याच्या पायरीवर बसली.

पोलीस वर आले तेव्हा ती त्याच्या जॅकेटची चेन वर ओढत होती. त्याला थंडी भरली होती.

“वाचेल ना ग?” हातात बेड्या पडताना त्याने पुन्हा विचारलं.

“वाचेल म्हटलं ना.”

सुपरवायझर दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. ती कामावर आली तेव्हा स्ट्रेचर ओढणाऱ्या माणसाने तिला सांगितलं. काल गोळी झाडणाऱ्याशी तिचं नातं अजून त्याला माहीत नव्हतं. “मणका नाही, आतला रक्तस्राव नडला,” तो म्हणाला, आणि पुढच्या पेशंटचा कागद तिच्या हातात दिला. तिने त्या पेशंटचा फोटो काढला. मनगट होतं, एका शाळकरी मुलीचं. मग ती मागच्या खोलीत जाऊन शिशाच्या एप्रनांच्या खुंट्यांखाली बसली आणि दुपारपर्यंत उठली नाही.

पोलीस अधिकारी सभ्य होता. त्याने आवाज चढवला नाही.

“पिस्तूल कुठे ठेवत होतात?”

“कपाटाच्या खालच्या खणात.”

“खणाला कुलूप?”

“नाही.”

“गोळ्या?”

“त्याच डब्यात.”

“शेवटचं कधी बघितलंत?”

तिला आठवेना. “वर्ष झालं असेल. जास्तच.”

“दार फोडलेलं नाही. मग भाऊ आत आला कसा?”

“किल्ली मीच दिली होती,” ती म्हणाली. “मी एकटी राहते ना, म्हणून.”

त्याने पेन खाली ठेवलं, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि पुन्हा उचललं. पुढे चौकशीत निघालं की बारक्याने पिस्तूल चार दिवस आधीच नेलं होतं. फ्रिजमधलं जेवला होता, भांडं सिंकमध्ये ठेवलं होतं. ती ते घासताना हसलीही होती.

भावजय एकदाच बोलली, पोलीस चौकीच्या पायऱ्यांवर. “तुमच्या घरात ते नसतं तर यांनी फार तर चार शिव्या दिल्या असत्या. मारामारी केली असती. हात मोडून घरी आले असते.” मग तिने पदराने नाक पुसलं. “तुम्हाला भीती वाटत होती ना, ताई? मग आमच्याकडे येऊन राहायचं होतंत.” ती माहेरी गेली ती परत आली नाही.

खटला उभा राहिला. बारक्याला मोठी शिक्षा झाली. तिच्यावर हलगर्जीचा वेगळा खटला झाला. परवाना कायमचा रद्द, आणि तुरुंगाऐवजी दंड. वकिलाने तिला आधी बजावलं होतं, की खण बंद होता म्हणा, किल्ली भावाने शोधली असेल म्हणा, कोण बघायला गेलंय? तिने उभं राहून जसं होतं तसं सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, “तुम्हाला अट माहीत नव्हती?” ती म्हणाली, “माहीत होती. मला वाटलं, ती इतरांसाठी असते.”

हे सगळं मागच्या बाकावर बसून एक बाई ऐकत होती. कोर्ट उठल्यावर ती व्हरांड्यात तिच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात हेल्मेट होतं. त्यावरूनच फोटोवालीने ओळखलं.

“त्यांचा शेवटचा फोटो तुम्ही काढलात, असं कळलं.”

“हो.”

“काही बोलले का? मी पोचेपर्यंत त्यांना भूल दिली होती.”

“तुमची काळजी करत होते. स्कूटरवर येऊ नका म्हणावं, म्हणाले. घाबरलात की ब्रेक सापडत नाही म्हणाले.”

बाईचा चेहरा क्षणभर उजळल्यासारखा झाला आणि मग पार मोडला. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं फोटोवालीला वाटलं. पण कुठल्या तोंडाने ठेवणार? हात वर झाला तसाच खाली आला.

“मुलगी रांगत होती तेव्हा,” बाई भिंतीकडेच बघत म्हणाली, “आमच्या फिनेलच्या बाटलीलासुद्धा कुलूप होतं. हे स्वतः बघायचे रोज. मी चिडवायचे त्यांना.” मग तिने हेल्मेट डोक्यात घातलं, पट्टा लावला आणि कोर्टाच्या आवारातून चालत गेली.

फोटोवालीने काम सोडलं नाही. सोडून करणार काय? घर मात्र सोडलं. शिक्षिकाबाईंनी सामान बांधायला मदत केली. कपाट रिकामं करताना त्या शाली दोघींपैकी कुणीच उचलेना. शेवटी कपाट शालींसकट तिथेच राहिलं, घरमालकाच्या नावाने. नव्या घराचं दार साधंच आहे. रात्री कडी लावायला ती कधीकधी विसरते. शिक्षिकाबाईंना हे समजलं तेव्हा त्या रागावल्या. ती म्हणाली, “भीती वाटायची जागाच सुन्न झालीय, बाई.”

बारक्याने पहिलं वर्षभर तिची भेट नाकारली. ती दर महिन्याला जायची, बाकावर बसायची, शिपाई आत जाऊन यायचा आणि मान हलवायचा. ती परत यायची. एकदा शिपाई मान न हलवता आला.

बारक्या इतका वाळला होता की तिने आधी त्याच्या मागे पाहिलं, तो अजून येतोय का म्हणून. मधे जाळी होती. दोघं बसली. तिने घर बदलल्याचं सांगितलं, त्याने मान डोलावली.

“तू म्हणाली होतीस, वाचेल,” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“तुला माहीत होतं?”

“फोटोत दिसत होतं. पक्कं माहीत नव्हतं, पण दिसत होतं.”

“मग का म्हणालीस?”

“तुला बाहेर काढायचं होतं.”

त्याने जाळीत बोटं अडकवली. नखांच्या कडा खाल्लेल्या होत्या. “नव्हतं काढायचं,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता. बराच विचार करून शेवटी जे उरलं ते सांगावं, तसं त्याने सांगितलं.

तिने वाद घातला नाही. समजूतही घातली नाही. एवढंच म्हणाली, “पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच बोलेन.”

शेजारच्या बाकावर कुणाचं तरी तान्हं मूल रडत होतं. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं. बारक्या उठला, खुर्ची नीट आत सरकवली.

“पुढच्या महिन्यात येते,” ती म्हणाली.

“नको येऊस.”

तो दोन पावलं गेला, थांबला, आणि वळून न बघता म्हणाला, “आलीसच तर मोजे आण. लोकरीचे. इथली फरशी फार गार आहे.”